शनिवारचा केक

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण केक घेऊन आली. "आमच्या घरचा खास आहे, माझ्या आईचा," असं म्हणत तिने डब्याचं झाकण काढलं. चॉकलेट केक, आणि वर पिठीसाखरेची जाळीदार नक्षी. ती नक्षी बघून माझं डोकंच फिरलं. क्रोशाचा रुमाल केकवर पसरायचा, वरून साखर चाळायची आणि रुमाल अलगद उचलायचा, ही युक्ती माझ्या आईची. पहिला घास घेतला तर जायफळही होतं. तेही आईचंच.

"तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?" मी विचारलं.

"डोंबिवली. लग्न होऊन ठाकुर्लीला आली. का?"

"काही नाही, सहज."

सहज कसलं? मी शाळेत होते तेव्हा आई डोंबिवलीच्या घरी दर शनिवारी दुपारी केकचा क्लास घ्यायची. सहाजणी यायच्या; हिची आई त्यातलीच एक असणार. ओट्याभोवती त्या आणि मधे आई. मला आतल्या खोलीत गणितं दिलेली असायची. "तू अभ्यास कर, हे काय पुढे शिकता येईल." दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. मी कोथिंबीर जाड चिरली तर मला बोलणी बसायची. त्यांच्यातल्या कुणाच्या हातून अंडं ओट्यावर फुटलं तर आई म्हणायची, "असू दे गं, होतं असं." हा 'गं' इतका मऊ असायचा की मी वहीत पेन्सिलीचं टोक मोडायचे. त्या सहाजणींचा मला मनापासून राग होता. त्यातल्या एकीने आईला 'ताई' म्हणायच्या ऐवजी एकदा चुकून 'आई' म्हटलं, तर मी रात्री जेवले नाही.

क्लास संपला की शिकवताना केलेला केक आमच्याकडे राहायचा. त्या घरी जाऊन आपापला करायच्या. तो राहिलेला केक माझा. मधे खोलगट, घट्ट, ओलसर, दाताला किंचित चिकटणारा. तसा केक मी पुढे कुठेच खाल्ला नाही.

आणि समोरचीचा केक तसा नव्हता. छान फुगलेला, हलका, कापसासारखा. सगळे वाहवा करत होते आणि मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हणजे आईने त्यांना सगळं सांगितलं नव्हतं तर. एक काहीतरी घरच्यासाठी राखून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी मला त्या सहाजणींवर मात केल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी मी डोंबिवली गाठली. आई आता एकटीच असते, पण तिचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन अजून चालतो. झाकणातली बशीएवढी काच पूर्वीपासूनच धुरकट आहे, आतलं काही दिसत नाही.

"क्लासला न सांगितलेली कृती मला सांग," मी म्हटलं.

"कसली न सांगितलेली? सगळ्यांना एकाच वहीतून सांगायचे."

"मला तरी खरं सांग."

तिने वही समोर टाकली. मी तिच्या देखरेखीखाली अक्षरन्अक्षर पाळलं. केक झाला. फुगलेला, हलका. हुबेहूब समोरचीचा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "त्यांना दिलंस ते दिलंस, माझ्यापासूनही लपवतेस?"

मग आईने विचारलं, "तुला नक्की कसा हवाय?" मी सांगितलं. खोलगट, चिकट, घट्ट. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

"अगं, तो बसलेला केक. बिघडलेला. काचेतून दिसायचं नाही, म्हणून त्या बायका पाच-पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायच्या. 'ताई, फुगला का, ताई, फुगला का.' गार हवा लागली की बसणारच. तो कुणाच्या घरी कसा पाठवणार? म्हणून तुला द्यायचे. तू आवडीने खायचीस, मला वाटायचं पोरगी समजूतदार आहे."

ज्या एका चवीवर मी इतकी वर्षं हक्क सांगत होते, ती त्या सहाजणींच्या उतावीळपणाची होती. माझं असं त्यात काहीच नव्हतं. मला त्यांचा नव्याने हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. त्या आईला विचारू शकत होत्या, फुगला का.

मी पुन्हा मैदा चाळायला घेतला. आई बाहेर जाऊन पेपर वाचत बसली. केक ओव्हनमध्ये ठेवून पाचेक मिनिटं झाली तशी मी झाकण उचललं. आवाज तिने बरोबर ओळखला.

"उघडू नको गं," बाहेरून आवाज आला. तोच मऊ 'गं'.

मी झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी परत उचललं.

"आई, फुगला का बघ ना."

"मी इथून कसं बघणार?" ती कुरकुरली. मग पेपर घडी केल्याचा आवाज आला, आणि ती उठून स्वयंपाकघरात आली. चष्मा कपाळावर चढवून माझ्या खांद्याशी उभी राहिली.

"उचल जरा," ती म्हणाली. "नीट दिसत नाहीये."