पाहुण्यासाठी लावलेला फॅन

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉमर्सला. कुणी विचारलं तरच हे सांगते. अभ्यास सोडून मला तीन गोष्टी जमायच्या: मोबाईलवर गेम खेळणं, तीन-चार मिनिटांच्या फिल्म बनवणं आणि रांगोळी. आमच्या लालबागच्या चाळीत पहिल्या दोन गोष्टींना टाइमपास म्हणत आणि तिसरीला कला, कारण मंडळाच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळतं.

मला अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं. बाबा शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर, मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "मे महिन्यात तो विद्यार्थ्यांचा फेस्टिवल आहे ना, त्यात तुझी फिल्म घेतली तर प्रवेश परीक्षा दे. नाहीतर सीएच्या ऑफिसात चिकटायचं. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही." मी लगेच "चालेल" म्हटलं. माज होता मला.

फिल्म रांगोळीची होती. एक माणूस पिशवी घेऊन चाळीचा जिना चढतो आणि घरी पोचतो, एवढंच. लादीवर त्याला काढायचा, पोटमाळ्याच्या कठड्याला बांधलेल्या मोबाईलने वरून फोटो घ्यायचा, ब्रशने त्याचा पाय पुसायचा, इंचभर पुढे पुन्हा काढायचा, पुन्हा फोटो. एका पायरीला बारा फोटो लागत. कमरेचा पार भुगा झाला.

आमची खोली एकच. ती मी चार दिवस अडवून बसले. आई शेजारच्या काकूंच्या ओट्यावर स्वयंपाक करायची, बाबा गॅलरीत झोपायचे. खिडकी बंद, फॅन बंद, मे महिना. कुणी कुरकुर केली नाही. फॅनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवावी असं मला वाटलंही नाही, घरातलेच तर होते सगळे.

चौथ्या दिवशी दुपारी मामा गावाहून न कळवता आला. खांद्यावर फणस, शर्ट घामाने चिंब. मी खाली वाकून माणसाचा हात काढत होते, तीन पायऱ्या राहिल्या होत्या. बाबांनी दारातच त्याच्या खांद्यावरचा फणस उतरवून घेतला, शेजारी आईला हाक मारली, "अगो, आधी पाणी आण, माणूस घामाघूम झालाय," आणि एक हात आत घालून फॅन लावला.

आमच्याकडे पाहुण्याने चपला काढायच्या आत फॅन सुरू होतो. बाबांनी विचार केलाच नसणार. जिना, पिशवी, माणूस, सगळं पलंगाखाली गेलं. मामा दारात तसाच उभा, एक चप्पल पायात.

मी नको ते बोलले. तुम्हाला हेच हवं होतं, मी ऑफिसात बसावं म्हणून मुद्दाम केलंत, असंसुद्धा. मामासमोर. बाबांनी फॅन बंद केला, फणस कोपऱ्यात ठेवला आणि खाली निघून गेले. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते. नुसता संताप होता.

नव्याने काढायला वेळ नव्हता. शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी. होते तेवढे फोटो जोडून पाठवले. माणूस तीन पायऱ्या खालीच थांबला.

फिल्म निवडली गेली नाही. पंधरा दिवसांनी मेल आला, त्यात परीक्षकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. हालचाल सुरेख आहे, शेवट अर्धवट आहे याला हरकत नाही, पण ह्यात गोष्टच नाही. माणूस घरी पोचला असता तरी निकाल हाच लागला असता. दोनदा वाचलं. त्यांचं बरोबर होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

संध्याकाळी बाबांना एवढंच सांगितलं की फिल्म घेतली नाही. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "फॅन मी लावला. ठरलं होतं ते धरायचं नाही आता. फॉर्म कधी भरायचाय?"

मोबाईल माझ्या हातातच होता, मेल उघडाच. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत."

परीक्षा दिली, पास झाले, आता अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा अजून लोकांना सांगतात की त्यांच्यामुळे पोरीची फिल्म गेली. मी समोर बसलेली असते, आणि गप्प राहते.