मीनलच्या सरबताचा परवाना

बहरीनमध्ये लिंबू सरबताच्या टेबलाला परवाना मिळवायला किती दिवस लागतात, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी फक्त तीन आठवडे प्रयत्न केला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही हूरा नावाच्या वस्तीत राहायचो. तळमजल्यावर इमारतीचे मालक हाजी, वरच्या मजल्यावर एका बाजूला आम्ही परब मंडळी आणि समोरच्या दारात वसईच्या फिलोमिनाबाई. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांची शेरॉन आणि आमची मीनल या दोघी नऊ वर्षांच्या, एकाच वर्गात, आणि दोन्ही घरांत मिळून एकच पोरगी असावी तशा कायम चिकटलेल्या.

मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्लार्क होतो. लोकांचे व्हिसे, लीव्ह, रेसिडेंट कार्डं हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. कागद नसलेला माणूस म्हणजे पुढच्या विमानात बसलेला माणूस, हे मी रोज बघत होतो. त्यामुळे कागदावर माझी श्रद्धा फार. (देवाच्या फोटोला हार रोज नसायचा, पण पासपोर्टांना प्लॅस्टिकची पिशवी दरवर्षी नवीन.) घरीही एक टाइपरायटर होता. गावाकडची माणसं संध्याकाळी अर्ज टाइप करून घ्यायला यायची, जमेल ते द्यायची, कुणी सुरमई आणून द्यायचा. दाराशी मी रंगवलेली पाटी लावली होती : ‘इंग्रजी टायपिंग. व्हिसा, लीव्ह, सर्व प्रकारचे अर्ज.’ ती पाटी बघून मला स्वतःचाच आदर वाटायचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मीनलने जेवताना जाहीर केलं, “पप्पा, शेरॉन अँड मी, वी आर ओपनिंग अ लेमोनेड स्टँड.”

त्यांच्या इंग्रजी पुस्तकात तसा धडा होता म्हणे. टेबल मांडायचं, जग ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत विकायचं. मी हसून सोडून दिलं असतं, पण त्यात एक मेख होती. सुट्टी संपायच्या आतच, तीन आठवड्यांनी, शेरॉन कायमची वसईला जाणार होती, मावशीकडे, तिथल्या शाळेत. तिकीट काढून झालं होतं. दोघींना एकत्र मिळणारा हा शेवटचा उन्हाळा आणि त्यात त्यांना एवढंच करायचं होतं.

“करा की,” मी म्हणालो. “पण आधी परवाना.”

बायकोने आमटीचा डाव तसाच हवेत धरला. “पोरांचो खेळ तो. तेका कित्याक व्हयो परवानो?”

“विक्री म्हणजे धंदा. धंदा म्हणजे लायसन्स. उद्या पोलीस आला तर? माझा व्हिसा रद्द झाला म्हणजे वेंगुर्ल्यात जाऊन सरबत विकू आपण.”

“थंय परवानो लागना नाय,” ती म्हणाली आणि आमटी वाढली.

मीनलचा चेहरा एवढासा झाला. तो बघून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि म्हणूनच मी ठरवलं की शेरॉन जायच्या आत या पोरींना रीतसर परवाना मिळवून देईन. नाही मिळवला तर नावाचा परब नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाचं ना-हरकत पत्र टाइप करून मी हाजींकडे गेलो. (पाच प्रती. कुठे किती लागतील सांगता येत नाही.) हाजी दारातल्या बाकावर बसले होते. पत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

“परब, दो बच्ची, एक टेबल. दरवाजा मेरा, साया मेरा. मैं बोला बैठो, खलास. कागज किसको देगा?”

“ऑफिसला. आपण परवानगी दिलीत, त्याचा पुरावा.”

“मैं इदर बैठा है. मेरे को पूछो.”

शेवटी त्यांनी पाचही प्रतींवर सह्या केल्या आणि वर ‘मफी मुश्किल’, म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणाले. माझ्या मते मुश्कील आता कुठे सुरू होत होती.

परवान्याच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण बहरीनी कारकून होता. त्याने अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्ज वाचला.

“मालिक की उमर नौ साल?”

“दोघींची मिळून अठरा,” मी म्हणालो. मला वाटलं, त्याने काम सोपं होईल.

“बाबा, घर जाओ. बच्चों को इसका लाइसेंस नहीं लगता.”

“मग तसं लिहून द्या.”

“क्या लिखूँ?”

“की परवाना लागत नाही. सही, शिक्का.”

तो बिचारा शांतपणे म्हणाला, “जिस चीज का कागज नहीं होता, उसका कागज मैं कहाँ से दूँ?”

इथे शहाणा माणूस घरी गेला असता. मी तीन दिवसांनी पुन्हा गेलो. मग पुन्हा गेलो. चौथ्या खेपेला मला दारात पाहून तो चहाला उठला. मी तो येईपर्यंत बसलो. (त्याने दोन चहा घेतले.) अखेर त्याने हात टेकले आणि कॅफेटेरियाचा छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “ये भरो. इन्स्पेक्टर आयेगा, देखेगा. यल्ला, चलो.”

तो फॉर्म मी ज्या निष्ठेने भरला तशी निष्ठा मी लग्नातही दाखवली नसेल. कामगार : दोन. अनुभव : नाही. शिक्षण : चौथीत जाणार. स्वयंपाकघराचा नकाशा मागितला होता, म्हणून मी टेबल पट्टीने मोजून आराखडा काढला. जग कुठे, ग्लास कुठे, साखर कुठे. आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग : चारही बाजूंनी.

कामगारांचं वैद्यकीय प्रमाणपत्र हवं होतं. ते फिलोमिनाबाईंनी वहीच्या कागदावर लिहून दिलं : ‘दोन्ही मुली ठणठणीत आहेत. परबभाऊंची तपासणी व्हावी, ही विनंती.’ पहिलं वाक्य ठेवून दुसरं मी कात्रीने कापलं.

रोज दुपारी जेवायला घरी आलो की मीनल विचारायची, “पप्पा, डिड यू गेट इट?”

“इंशाल्ला, उद्या.”

मग ती आणि शेरॉन एकमेकींकडे बघायच्या आणि मान खाली घालायच्या. मला ती निराशा वाटायची. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तरी उतरवायला पानात लिंबाचं लोणचं असायचं. त्या महिन्यात आमच्याकडे लिंबाचं लोणचं दोन्ही वेळा होतं. गोड, तिखट, उपासाचं, सालांचं. मी एकदा विचारलंसुद्धा, की हल्ली लिंबं फार आणतेस?

“उन्हाळो आसा,” बायको म्हणाली. उन्हाळा होताच, त्यामुळे मला ते पटलं.

दिवस सरत होते. शेरॉन शुक्रवारी जाणार होती आणि इन्स्पेक्टर बुधवारी सकाळी येणार असा निरोप आला. म्हणजे त्या दिवशी पास झालो तर पोरींना पुरता एक दिवस, गुरुवार, मिळणार होता. मी घरी कुणाला न सांगता ऑफिसातून बुधवारची लीव्ह घेतली, टाय बांधला आणि सकाळपासून फाइल मांडीवर घेऊन बसलो.

बायको अस्वस्थ. “तुमी ऑफिसात जावा. इन्स्पेक्टराक मी बघतंय.”

“हे बायकांचं काम नाही. आणि पोरी कुठेत? त्यांनासुद्धा नीट कपडे घालून बसव.”

“खेळतत खाली,” ती म्हणाली आणि आत गेली.

दहाच्या सुमारास दार वाजलं. इन्स्पेक्टर बरेच वयस्क, पोट सुटलेले, स्वभावाने शांत. एका हातात कागदांचं पाकीट होतं. दुसऱ्या हातात ग्लास होता, त्यात लिंबाची चकती आणि पुदिन्याचं पान.

मी ग्लासाकडे पाहत राहिलो.

“नीचे से लिया,” ते म्हणाले. “आज नमक थोडा जास्ती है.”

आज?

मी टायसकट जिना उतरलो. इमारतीच्या सावलीत हाजींचं छोटं टेबल होतं. मागे मीनल आणि शेरॉन. पुढे रांग. रांगेत कोल्ड स्टोअरचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा कोया, नाक्यावरचा पोलीस (टोपी काखेत धरून), आणि शेजारच्या टेलरचे दोघे. हाजी बाकावर बसून कुणी रांग मोडू नये म्हणून लक्ष ठेवत होते. टेबलाला पुठ्ठ्याची पाटी होती : ‘लेमोनेड. फ्रायडे क्लोज्ड.’

ती पाटी मी दोनदा वाचली. अजून न उघडलेलं दुकान शुक्रवारी बंद कसं असेल? मग उलगडलं. शुक्रवारी मी घरी असायचो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“सिन्स यू वेंट फॉर द परमिट,” मीनल खाली बघत म्हणाली. “दॅट फर्स्ट डे.”

म्हणजे तीन आठवडे मी ज्या दुकानासाठी खिडक्या झिजवल्या, ते दुकान मी घराबाहेर पडलो की उघडत होतं आणि मी जेवायला आलो की बंद होत होतं. आणि तिथल्या लिंबांची सालं मी दोन्ही वेळा भाताबरोबर खाल्ली होती.

मला राग यायला हवा होता. पण शेरॉन ग्लास विसळत होती, मीनल लिंबू पिळत होती, दोघींच्या कोपरांपर्यंत साखरेचा चिकटा होता, आणि त्यांचा उन्हाळा वाया गेला नव्हता. राग यायच्या आधीच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी इन्स्पेक्टरांना एवढंच म्हणालो, “साहेब, हे विनापरवाना आहे. दंड मी भरतो.”

“बच्चे हैं,” ते म्हणाले. “इनको क्या परवाना? मैं दो हफ्ते से पीता हूँ. चलो, ऊपर, कागज पे सही करता हूँ, तुम्हारे दिल को आराम.”

आम्ही वर आलो. माझ्या दाराशी इन्स्पेक्टर थांबले. चष्मा लावून त्यांनी पाटी वाचली. इंग्रजी टायपिंग. व्हिसा, लीव्ह, सर्व प्रकारचे अर्ज.

“ये किसका है?”

“माझंच,” मी छाती काढून म्हणालो. “सगळा हूरा येतो माझ्याकडे. सहा वर्षं झाली.”

“माशाल्ला. इसका लाइसेंस?”

आतून बायको लोणच्याची बरणी घेऊन बाहेर आली होती, इन्स्पेक्टरांना द्यायला. तिने बरणी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं मला वाटलं. ती रडत नव्हती.

इन्स्पेक्टर माणूस भला. त्यांनी व्हिसाचं नाव काढलं नाही, दंडाचंही नाही. पाटी आज उतरवायची आणि विनापरवाना अर्ज लिहिणार नाही असं हमीपत्र उद्या कचेरीत द्यायचं, एवढंच सांगितलं. टाइप केलेलं हवं होतं, पण अर्थातच माझ्या मशीनवर नाही, लायसन्सवाल्याकडून. माझी पाटी मीनलने मागून घेतली. शेवटच्या दिवशी तिच्या कोऱ्या बाजूवर दोघींनी मोठी पिवळी लिंबं रंगवली. गुरुवारी रात्रीपर्यंत सरबत विकलं आणि ती पाटी शेरॉन वसईला घेऊन गेली. विमानतळावरून परत येताना गाडीत मी परवान्याचा विषय काढला नाही.

हमीपत्रासाठी गुरुवारी सकाळी मी कचेरीबाहेरच्या परवानाधारक टायपिस्टच्या रांगेत उभा राहिलो होतो. माझा नंबर आला. रात्रभर खपून लिहिलेला मसुदा मी पुढे केला. त्या केरळी टायपिस्टने तो वरपासून खालपर्यंत वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि कागद मला परत दिला.

“भाई,” तो म्हणाला, “अर्जी किसी जानकार आदमी से लिखवा के लाओ.”