मादी निघू दे

विरारला आमच्या इमारतीत तेव्हा टँकरचं पाणी यायचं, तेही दिवसाआड. त्यात बाबांना फायटर मासे पाळायचा नाद. पिल्लं लहान असेपर्यंत एकाच टबात गुण्यागोविंदाने राहायची. मोठी होऊ लागली की नर एकमेकांच्या शेपट्या फाडायचे, म्हणून प्रत्येक नराला वेगळी बरणी आणि वेगळं पाणी. माद्यांचं एका टबात भागायचं. "या नरांचे लाड मी पुरवणार नाही," आई बादली आपटत म्हणायची. आमचं अख्खं घर देवाजवळ माद्याच मागायचं.

एकदा शेवटचं एक पिल्लू उरलं. शेपूट आखूड, पण भारी भांडखोर, त्यामुळे नर की मादी ते ठरेना. बाबांनी ते ग्लासात घेऊन उजेडात धरलं. पोटाखाली मादीचा पांढरा ठिपका दिसला.

"मुलगी!" आई आनंदाने ओरडली.

शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. आम्ही तिघी बहिणी. प्रत्येक वेळी त्या आईचं सांत्वन करून गेलेल्या.

"मुलगी झाल्याचा एवढा आनंद, वहिनी?" त्या हसल्या.

"तिन्ही वेळा झाला होता," आई म्हणाली. "माझी बर्फी खाऊन सुस्कारे तुम्ही सोडलेत."