बर्फगाडी चढावर कोण नेणार?

"नाइन! नाही, फ्राऊ दाते! चढावर गाडी मी नेणार!" गॅरेजवाला ओरडला.

"का? क्लच कुणी जुळवला?"

"तुम्ही. पण गॅरेज माझं आहे!"

"आणि हात कुणाचे काळे झाले?"

आमचे हे मागून हळूच मराठीत म्हणाले, "अगं, माणसं बघतायत!"

बघू देत की! निम्मं गाव त्या उताराशी थंडीत उभं होतं ते कशाला?

या भांडणाचा शेवट सांगतेच. पण गॅरेजातल्या गोष्टींचं असं असतं, एक नट उचलायला जावं तर चार हाताला चिकटून येतात.

साठ साल नुकतंच उलटून गेलं होतं. ह्यांचं जर्मनीत स्टुटगार्टला डॉक्टरआर्बाइट, म्हणजे पीएचडी, चाललेलं, आणि आमचं बिऱ्हाड ब्योब्लिंगेनबाहेर माइस्टरच्या, म्हणजे त्या गॅरेजवाल्या उस्तादाच्या, गॅरेजवरच्या खोलीत. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं मी गॅरेजात उतरणाऱ्या जिन्याच्या पायरीवर उभी राहून शिकले, जर्मनसुद्धा!

*

डोंगरावरच्या एका हॉटेलवाल्याने परदेशातून बर्फगाडी मागवली. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. सपाटीवर राणी, चढ आला की म्हातारी! "दुरुस्त करा, नाहीतर दुसरं गॅरेज बघतो," असं बजावून तो गाडी माइस्टरच्या दारात टाकून गेला.

माइस्टर अंगणात गाडी तापवत होता. आवाजाने माझी फोडणी करपली. मी तरातरा खाली. "इंजिन धापा टाकतंय आणि गाडी झोपलीय!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणून त्याने झाकण उघडून क्लच दाखवला. दोन चाकं, मध्ये एक छोटा पट्टा. इंजिन जोरात फिरलं की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, चाकाच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. वजनं जड असली तर पट्टा फार लवकर चढतो आणि इंजिनचा दम कोंडतो.

मी म्हटलं, "हे तर दळायचं जातं! मोठा घास टाकला की अडतं. घास लहान करा."

माइस्टरने कानस माझ्या हातात दिली. "करा!"

माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी मला अशी लागली!

*

वजनं कानशीने हलकी केली, वर कडक स्प्रिंग घातली. बसून बघायला कोण? दामले भावजी! ह्यांच्याबरोबरच शिकत होते. दर रविवारी आमच्याकडे वरण-भाताला.

"भावजी, गॅसचा खटका हळू दाबा हं."

"वहिनी, मी इंजिनिअर आहे!"

त्यांनी अंगठ्याने खटका दाबला. गाडी सुटली ती थेट लाकडांच्या ढिगात! भावजी होते तिथेच बर्फात बसलेले, दोन्ही हात अजून हँडल धरल्यासारखे पुढे.

"वहिनी... गाडी कुठे गेली?"

माइस्टर हसून हसून बादलीवर बसला. मी मात्र नाचले! दाबताक्षणी उत्तर देते म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

*

मग क्लचचा पट्टा कुरकुरायला लागला. भावजींनी कुणाला न विचारता माझी खोबरेल तेलाची बाटली आणली आणि पट्ट्याला चोपडली. घरचा पाळणा कुरकुरला की आपण तेच करतो ना!

थंडीत खोबरेल थिजलेलं. गाडी मजेत निघाली. अर्धा चढ गेली, क्लच तापला, तेल वितळलं, आणि इंजिन गर्जना करत असताना गाडी शांतपणे मागे मागे यायला लागली! शिवाय सगळ्या गॅरेजात सणाच्या दिवशीच्या न्हाणीघराचा वास.

माइस्टर हुंगत म्हणाला, "आल्झो, म्हणजे ही गाडी आहे की केक?"

*

पट्टा नवा घातला, तरी डोंगरावर गेलं की गाडी ढेपाळायचीच. गाडी जुळवायला आम्ही सगळे तिथल्या हॉटेलात राहिलो, तेव्हा मी वरण लावलं. उकळून उकळून पाणी आटलं, डाळ काही शिजेना.

मी पळीसकट बाहेर धावले. "माइस्टर! वर हवा पातळ आहे! डाळ शिजत नाही तिथे इंजिन काय जोर धरणार? वजनं अजून हलकी करा!"

हे म्हणाले, "अगं, डाळीचं कारण वेगळं, इंजिनचं वेगळं."

"अहो, हवा तर एकच ना?"

त्यांनी पळी माझ्या हातून घेतली. "जा. डाळीकडे मी बघतो."

मी कानस घेतली. घासायचं, बसवायचं, स्वतः गाडीवर बसायचं, हॉटेलच्या शेडमागच्या चढणीवर जाऊन यायचं, परत घासायचं. शेवटी एकदा इंजिनचा सूर असा लागला की खालपासून वरपर्यंत हललाच नाही!

*

आणि मग तो रविवार. हॉटेलवाला हाताची घडी घालून उभा. त्याच्या मागचा मोठा उतार गाडी चढली तर माइस्टरची अब्रू राहणार. आणि माझं? एवढा हिवाळा मी शेडमागे, कुणी न बघता चालवली. आज सगळ्यांसमोर मला ती वर न्यायची होती. बास.

"पदर मागच्या पट्ट्यात अडकेल!" माइस्टर म्हणाला.

"नऊवारी आहे. काष्टा आहे. पदर खोचलाय, वर तुमच्या बायकोचा कोट आहे."

"लोक हसतील!"

"हसू देत. थंडीत बरं असतं."

"फ्राऊ दाते, तीस वर्षं मी माइस्टर आहे!" असं म्हणून त्याने आपला भला थोरला पाय गाडीवर टाकलाच. स्प्रिंगा करकरल्या. हॉटेलवाला पुढे सरकला. ह्यांनी डोळे मिटले.

मी बाजूला झाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये म्हटलं, "बसा की, माइस्टर! फक्त क्लच मी माझ्या वजनाला जुळवलाय. तेवढं पोट इथे खाली ठेवून जा!"