दाईचं आजेचीर

मुलीच्या लग्नाची बोलणी छत्तीसगढात, आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी झाली. पंडरीच्या ठोक कापडबाजारात माझी हयात गेली. भाव पाडणं माझ्या हातचा मळ. तरी त्या दिवशी जेवण, हॉल, मानपान, सगळं मी नागपूरच्या व्याह्यांच्या मनासारखं सोडत गेलो. मला एकच हवं होतं. मुलाकडून नवरीच्या आजीला मानाचं लुगडं येतं, आजेचीर. ते दाईला मिळावं.

दाई शेजारची, छत्तीसगढी. आई मला जन्म देऊन गेली तेव्हापासून तिनेच वाढवलं. थोरल्या भावाला मामा नागपूरला घेऊन गेले, मी तिच्या घरी राहिलो. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. मी दुसरी पाहिली नाही.

व्याही म्हणाले, "दाईले आम्ही वेगळी साडी देऊ ना. बाळंतपणं करणाऱ्या बाईले आजेचीर कसं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या मराठीत दाई म्हणजे सुईण. मुलीने पुढे शोधलं, तर फारशीत 'दाया' निघाली, दूध पाजणारी. संस्कृतातली 'धात्री'ही तिथेच येऊन पोचते म्हणे. आमची दाई यातली कोणाची, ते तिला नक्की सापडलं नाही.

मी भावाकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. सुपारी कातरत तो म्हणाला, "हो, सांभाळाले होती ती याले."

"सांभाळाले? सुटीत यायचा तेव्हा कोणाच्या हातचं जेवत होता तू?"

"काहून चिडून राहिला? शब्दाचाच तर घोळ आहे."

आवाज चढला तशी दाई आतून आली. "काबर रिसाथस बेटा? लुगरा त लुगरा आय." रागावतोस कशाला, लुगडं ते लुगडंच.

व्याह्यांनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी हिंदीत म्हणाली, "ये पापा की माँ हैं. मेरी दादी."

ते उठून उभे राहिले. "चुकलं आमचं. आजी, रंग कोणता आणू?"

"हरियर," दाई म्हणाली.

लग्नात ती हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. भाऊ पाया पडायला आला आणि तिला 'मावशी' म्हणाला. त्याच्याशी मी अजून बोलत नाही. व्याह्यांना शब्द माहीत नव्हता. त्याला होता.