बत्तीस नंबरचं शांत बाळ

मुलांच्या दवाखान्यात व्यवस्थापक म्हणून लागण्याआधी मी बँकेत होतो, आणि तिथल्या टोकनच्या यंत्रावर माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. तातडीच्या विभागातली झुंबड पाहून वाटलं, हे तर दोन दिवसांचं काम. रांगेसाठी लाल पट्टे ताणले, यंत्र बसवलं, भिंतीवर पाटी लावली : 'नंबर येईपर्यंत जागा सोडू नये.' मजकूर माझाच.

अडचण एकच, आमच्या जुन्या सिस्टर. त्या सारख्या बाकांवरून फिरायच्या, प्रत्येक पोराच्या तळपायाला हात लावायच्या आणि मधूनच एखाद्याला उचलून आत न्यायच्या. माझी रांग मोडायची. मी त्यांना टेबल-खुर्ची दिली. म्हटलं, "सिस्टर, आता फिरणं बंद. बसून नोंदी करा."

"मंग पाय कोण पाहीन?"

"यंत्र आहे ना."

"यंत्राले हात हायेत का जी?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत करताहेत.

मे महिन्यातली सकाळ. उलट्या-जुलाबाची पोरंच पोरं. जरीपटक्याचे एक दुकानदार किंचाळणारा मुलगा खांद्यावर घेऊन माझ्यावर डाफरत होते. "अहो, बच्चा रडून रडून लाल झाला, तुमचं मशीन काय करून राहिलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात कळमेश्वरहून आलेली एक तरुण आई बसली होती. मांडीवर वर्षाचं बाळ, गाढ झोपलेलं. हातात बत्तीस नंबर. मघाशीच ती मला म्हणाली होती, "साहेब, हा कालपासून निजूनच राहिला. दूधही घेऊन नाही राहिला." आणि मी म्हणालो होतो, "झोपू द्या. नंबर आला की उठवा."

आता तेच बाळ मी सगळ्यांना दाखवलं. "ते बघा, तेही आजारीच आहे ना? किती शांत!"

सगळ्यांनी बघितलं. सिस्टरनीही. टेबल सरकवून त्या उठल्या, पट्ट्याखालून वाकून गेल्या आणि बाळाचे पाय धरले.

"काहून बसून राहिली वं इतका वेळ?"

"साहेबांनं सांगतलं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मे महिन्यात पाय बरफ हायेत याचे. सरका."

मी कुठे सरकतोय! त्या दुकानदारांनीच एका हातानं पट्ट्याचा खांब आडवा पाडला. "जा बाई, जा, पहले तू जा." त्यांचा मुलगा अजून किंचाळतच होता.

आत सलाइन लावायला बाळाची शीर सापडत नव्हती. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं, की त्याला रडायचंही त्राण नव्हतं. मी दाराबाहेर उभा. माझं यंत्र इमानदारीनं 'एकोणीस, एकोणीस' ओरडत होतं. मी त्याची तार उपटली. बऱ्याच वेळानं आतून बारीकसं रडणं आलं. आयुष्यात कुठल्या गोंगाटाची मी इतकी वाट पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला वॉर्डात गेलो. वाक्य पाठ केलं होतं. बाळ दूध पीत होतं. मला पाहून त्याची आई घाईघाईनं पदर सावरत उठू लागली.

"साहेब, काल तुमची लाइन तोडली जी. रागावले तर नाही ना?"

आणि मी, सांगायलाही लाज वाटते, मान हलवून म्हणालो, "असू द्या."