गुलबक्षीची वेळ

संध्याकाळी खालच्या अंगणातून गुलबक्षीचा वास आला की मला बसवत नाही. मी उठून खिडकी लावून घेतो. फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद होता, त्या दिवसांत विंझर गावाच्या वरच्या एका वाडीत, एका म्हातारीच्या दारातल्या गुलबक्षीसमोर मी भर दुपारी बसलो होतो. ऑक्टोबरचं ऊन, पिळून ठेवल्यासारख्या मिटलेल्या कळ्या, घामानं निसटणारा कॅमेरा आणि परतीची एसटी तीनला. "ती उमलली की आमचं मालक शेरडं घिऊन येत्यात, मग म्या च्या टाकते. घड्याळ कशाला लागतंय?" असं म्हणून म्हातारी आत गेली. मला दम निघेना. मी एक कळी नखानं उकलली, पाकळ्या बोटांनी पसरल्या आणि भराभर फोटो घेतले. तेवढ्यात ती उंबऱ्यात आली. तिथून तिला तेवढंच फूल दिसलं. "अगं बया, येवढा येळ झाला? मालक अजून कसं आलं न्हाईत?" तिनं डोंगराकडं पाहिलं आणि अनवाणीच, हाका मारत, उन्हात चढणीला लागली. आजी, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि एसटी गाठली. तो फोटो आता मोठा करून भिंतीवर लावलाय. लोक रंगाचं कौतुक करतात. पाकळीवरची नखाची खूण त्यांना शीर वाटते.